चिंध्यांची घडी

राजेरजवाड्यांच्या पोषाखांविषयीं लिहिणारास साधनांची वाण सहसा पडत नाहीं. शालू, पैठण्या, किनखाबाचे अंगरखे हे कोठें ना कोठें पेटाऱ्यांत जपून ठेविलेले असतात. ते नसले तर त्यांच्या खरेदीचे हिशेब असतात, आणि हिशेबहि नसले तर चित्रें असतात. परंतु ज्या कापडाचा शेवट चिंधींत झाला त्याचा इतिहास कोणीं लिहावा व कशावरून लिहावा? लुगडें विरलें म्हणजे त्याचें दुपटें होतें, दुपटें फाटलें म्हणजे त्याचें पोतेरें होतें, आणि पोतेऱ्याची बखर कोणी लिहीत नाहीं. तरीहि या उतरणीवर मध्येंच एक लहानसा थांबा आहे, व तिकडे आम्ही या लेखांत वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. जुन्या वस्त्राचा जो भाग अद्याप धड असेल तो कापून घ्यावयाचा, तशाच दुसऱ्या तुकड्यांशीं तो जोडावयाचा, आणि त्यांतून बारीकसारीक वस्तु ठेवण्याजोगी कप्प्यांची घडी शिवावयाची, ही चाल पुष्कळ देशांत आहे. आमच्याकडील चंची याच जातीची. इंग्लंडांत तिचें एक भावंड होतें. त्याची हकीकत सांगण्याचें कारण असें कीं, त्याला दैवयोगानें कागदपत्रांचा आधार मिळालेला आहे, आणि तो आधार ज्या ठिकाणीं मिळाला तें ठिकाण मोठें करुण आहे.

या वस्तूचें इंग्रजी नांव 'हाउसवाइफ', म्हणजे शब्दशः गृहिणी. बोलतांना त्याचें 'हझिफ' झालें. आणि याच मूळ शब्दाची आणखी झीज होऊन 'हझी' हा उठवळ बाईला लावावयाचा शब्द निघाला. एकाच शब्दाच्या पोटीं सुयांची घडी आणि शिवी अशीं दोन अपत्यें व्हावींत, यावरून घरकाम करणाऱ्या स्त्रीविषयीं समाजाच्या मनांत एकाच वेळीं किती निरनिराळे भाव नांदत असतात हें दिसतें, असो. घडीची रचना साधी असे. चार-पांच बोटें रुंद आणि वीत-दीड वीत लांब अशी एक पट्टी घ्यावयाची. तिचें एक टोंक वर दुमडून खिसा करावयाचा. मध्यें आणखी दोन-तीन खिसे एकाखालीं एक लावावयाचे. आंतल्या बाजूस फ्लॅनेलचें एक पान टांचावयाचें आणि त्यांत सुया टोंचून ठेवावयाच्या. फ्लॅनेल लोंकरीचें असतें, व लोंकरींत सुई लवकर गंजत नाहीं असा शिवणाऱ्यांचा अनुभव आहे. खिशांत अंगुस्तान, दोऱ्याच्या लडी, मेणाचा खडा, चार गुंड्या. कडेनें फीत फिरवून तिचींच दोन टोंकें बांधण्यासाठीं लांब सोडलेलीं असत, म्हणजे घडी गुंडाळली कीं फितीनें आवळून बांधतां येई.

ज्यांनीं खेड्यांतील म्हाताऱ्यांच्या कनवटीची चंची पाहिली आहे त्यांना हें वर्णन परकें वाटणार नाहीं. तीच लांब पट्टी, तेच एकापुढें एक कप्पे, तीच गुंडाळण्याची तऱ्हा, तोच भोंवती फिरणारा बंद. एकींत सुईदोरा, दुसरींत पान, सुपारी, तंबाखू आणि चुन्याची डबी, एवढाच काय तो भेद. या दोहोंपैकीं कोणी कोणापासून कांहीं घेतलें असें आम्हांस मुळींच वाटत नाहीं. ज्याच्याजवळ पेटी नाहीं, कपाट नाहीं, आणि ज्याला आपल्या चार वस्तु अंगाबरोबर वागवावयाच्या आहेत, त्याच्या हातून कोठेंहि हीच युक्ति सुचावयाची.

अंगाबरोबर वागविण्याची ही गोष्ट किरकोळ नव्हे. अठराव्या शतकांतील इंग्लंडांत पुरुषांच्या कोटाला व विजारीला खिसे शिवलेले असत. स्त्रियांच्या झग्याला नसत. स्त्रिया लांबट, खालीं फुगीर व वर निमुळते असे कापडी खिसे निराळे शिवून नाडीनें कमरेला बांधीत, आणि घागऱ्याच्या फटींतून हात घालून आंतल्या वस्तु काढीत. किल्ल्या, पैसे, पत्रें, कात्री आणि वर वर्णिलेली सुयांची घडी यांचें हें घर असे. लंडनच्या 'ओल्ड बेली' न्यायालयाच्या जुन्या दफ्तरांत असले खिसे चोरीला गेल्याचे खटले ठिकठिकाणीं सांपडतात, व फिर्यादी बायका आंत काय काय होतें तें एकेक करून सांगतात. वाचकांनीं येथें एक कायदा लक्षांत घ्यावा. त्या काळच्या इंग्रजी कायद्याप्रमाणें विवाहित स्त्रीची जंगम मिळकत तिच्या नवऱ्याची होई. हा नियम १८७० व १८८२ सालच्या कायद्यांनीं मोडेपर्यंत तिला स्वतःची म्हणण्यासारखी वस्तु बहुधा कायद्याच्या दृष्टीनें नव्हतीच. अशा स्थितींत आपल्याच हातानें, आपल्याच जुन्या झग्याच्या तुकड्यांनीं शिवलेला, आणि जेथें दुसऱ्याचा हात जात नाहीं अशा ठिकाणीं बांधलेला खिसा तिला केवढा मोलाचा वाटत असेल, हें सांगावयास नको. कायदा कांहींहि म्हणो, त्याची नाडी तिच्या हातांत होती.

आतां हे तुकडे कोठून येत तें पाहूं. यंत्रांच्या पूर्वीं कापड महाग आणि मजुरी स्वस्त होती, हें आजच्या वाचकाला ध्यानांत धरणें कठीण जातें. झगा फाटला म्हणून कोणी टाकीत नसे. तो उलटून शिवीत, मग मुलीला बेतीत, मग विकीत. लंडनच्या टॉवरजवळ रोझमेरी लेन म्हणून गल्ली होती, तेथें जुन्या कपड्यांचा बाजारच भरे व त्याला 'चिंध्यांची जत्रा' अशा अर्थाचें नांव होतें. जें तेथेंहि विकलें जात नसे तें कागद करणारे घेत; कारण एकोणिसाव्या शतकांत लांकडाच्या लगद्याचा कागद निघेपर्यंत चांगला कागद तागाच्या चिंध्यांचाच होत असे. तेव्हां जी बाई चार चांगले तुकडे बाजूस काढून घडी शिवी, ती तेवढे तुकडे कागदवाल्याच्या हातून सोडवून घेत असे म्हणावयाचें. त्यांतहि गंमत अशी कीं, इंग्रजी जोडकामाच्या एका पद्धतींत प्रत्येक तुकडा कागदाच्या लहान आकृतीवर दुमडून टांचीत, व त्या आकृति जुनीं पत्रें, बिलें, हिशेबाचीं पानें कापून करीत. कापडाचा कागद झाला आणि तो कागद पुन्हा कापडाच्या पोटांत गेला! काम पुरें झाल्यावर हे कागद कधीं काढीत, कधीं तसेच राहूं देत. जेथें ते राहिले आहेत तेथें अभ्यासकांनीं त्यांवरील अक्षरें वाचून त्या जोडकामाचा काळ ठरविला आहे.

या तुकड्यांत जे सर्वांत झळकत ते आमच्या देशाचे असत. 'चिंट्झ' हा इंग्रजी शब्द 'छींट' या शब्दावरून झाला. मराठींतील 'चीट' त्याचाच भाऊ. 'कॅलिको' हें नांव कालिकतचें. कोरोमांडल किनारा आणि गुजराथ येथील पक्क्या रंगाचें, फुलांवेलींचें हें सुती कापड सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांत इतकें लोकप्रिय झालें कीं तेथील लोंकर व रेशीम विणणारांच्या पोटावर पाय आला. १७०० सालीं पार्लमेंटनें हिंदुस्थानांतील छापील कापड देशांत विकण्यास बंदी केली. १७१९ सालीं लंडनचे विणकर चवताळून उठले व रस्त्यांत चिटाचा झगा घातलेली बाई दिसली कीं तिच्या अंगावरून तो फाडूं लागले. १७२१ सालीं असलें कापड नेसण्यासच बंदी करणारा कायदा झाला. दंड ५ पौंड. तो कायदा १७७४ पर्यंत चालला. त्यांत निळ्या रंगाचें कापड, मलमल इत्यादि अपवाद होते, व सूत आणि ताग यांच्या मिश्र कापडावर छाप घालण्याची मुभा १७३६ सालीं मिळाली. कंब्रिया परगण्यांत लेव्हन्स हॉल नांवाचा एक वाडा आहे. तेथें सुमारें १७०८ सालची म्हणून दाखविण्यांत येणारी एक जोडकामाची चादर आहे आणि ती हिंदुस्थानी चिटाच्या तुकड्यांची आहे. बंदी आली म्हणजे चिंधीचाहि भाव वाढतो. जो तुकडा एरवीं केरांत गेला असता तो चादरींत, उशींत, सुयांच्या घडींत जाऊन बसतो. हिंदुस्थानी कापडाच्या व्यापाराविषयीं आमच्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें आहे. पण गांसड्या आणि जहाजें मोजतांना त्या कापडाचा शेवटचा बोटभर तुकडा कोठें गेला हें कोणी फारसें पाहिलेलें नाहीं.

येथून आम्ही मुख्य हकीकतीकडे वळतों.

टॉमस कोरम नांवाचा एक जहाजी कप्तान होता. लंडनच्या रस्त्यांत टाकून दिलेलीं, कांहीं जिवंत, कांहीं मेलेलीं अर्भकें पाहून त्याचा जीव कळवळला, आणि सुमारें सतरा वर्षें श्रीमंतांचे उंबरठे झिजविल्यावर १७३९ सालीं त्याला अशा मुलांच्या आश्रमासाठीं राजाची सनद मिळाली. हेंच फाउंडलिंग हॉस्पिटल. नांवांत हॉस्पिटल असलें तरी तें रुग्णालय नव्हतें, अनाथाश्रम होता. २५ मार्च १७४१ रोजीं त्याचीं दारें प्रथम उघडलीं. येणारीं मुलें जागेपेक्षां इतकीं अधिक होऊं लागलीं कीं पुढच्याच वर्षीं चिठ्ठ्यांची रीत घालावी लागली. आयांनीं एका पिशवींत हात घालून चेंडू काढावयाचा: पांढरा निघाला तर मूल आंत, काळा निघाला तर परत, तांबडा निघाला तर थांबून राहावयाचें. १७५६ पासून १७६० पर्यंत पार्लमेंटनें पैसा दिला व कोणतेंहि मूल नाकारूं नये अशी अट घातली. तेवढ्या अवधींत जवळजवळ १५,००० मुलें आलीं.

मूल आणणारी स्त्री कोण हें बहुधा विचारीत नसत. परंतु पुढें कधीं तिची स्थिति सुधारली आणि ती मूल मागावयास आली, तर तें तिचेंच हें कळावें कसें? म्हणून प्रत्येक मुलाचा एक छापील कागद भरीत. त्यावर तारीख, मुलगा कीं मुलगी, अंगावर काय काय कपडे होते, कांहीं खूण आहे काय हें लिहीत. आणि कित्येकदां त्याच कागदाला कापडाचा एक तुकडा टांचणीनें लावीत. मग कागद घडी घालून मोहोरबंद करीत. मुलाच्या गळ्यांत शिशाचा बिल्ला बांधीत, त्याला बाप्तिस्मा देऊन नवें नांव ठेवीत, आणि दूध पाजणाऱ्या दाईकडे खेड्यांत पाठवीत. यापुढें त्या मुलाचा व त्याच्या आईचा संबंध फक्त त्या मोहोरबंद कागदांत उरे.

हे कागद पुढें जिल्दबंद करण्यांत आले व ते आज लंडन शहराच्या दफ्तरखान्यांत आहेत. त्यांना सुमारें ५,००० कापडाचे तुकडे चिकटलेले आहेत. जॉन स्टाइल्स या इतिहासकारानें त्यांचा अभ्यास केला व २०१० सालीं लंडनच्या फाउंडलिंग म्युझियममध्यें त्यांचें प्रदर्शन मांडलें. गरिबांच्या अंगावरचें अठराव्या शतकांतील कापड ब्रिटनमध्यें इतक्या मोठ्या प्रमाणांत दुसरीकडे कोठेंहि उरलेलें नाहीं. फ्लॅनेल, जाडेंभरडें तागाचें कापड, ताग-लोंकरीचें मिश्र कापड, छापील फुलांचे तुकडे, रंगीबेरंगी फिती. आणि यांपैकीं पुष्कळांचे रंग अजून ताजे, कारण ऊन आणि धोबी या दोहोंपासूनहि तीं पानें बचावलीं. ज्या दफ्तरानें आईपासून मूल तोडलें त्याच दफ्तरानें चिंधी जपली.

येथें एक सावधगिरी राखणें अवश्य आहे. प्रत्येक तुकडा म्हणजे आईच्या हृदयाचा तुकडा असें मानून डोळ्यांस पदर लावणारे लेखक आम्ही पाहिले आहेत. वस्तुस्थिति तशी नाहीं. बहुतेक तुकडे कारकुनानें मुलाच्या अंगावरील कपड्यांतून, ओळख पटावी एवढ्याच हेतूनें, कातरून घेतलेले आहेत. त्याच्या दृष्टीनें तो तुकडा म्हणजे आंकड्याला जोडलेली निशाणी. पण कांहीं थोडे तुकडे निःसंशय आईनें घरून आणलेले आहेत, विचार करून निवडलेले आहेत, आणि त्यांवर हात चालवलेला दिसतो. या दोन प्रकारांत भेद करूनच पुढील तुकडा पाहिला पाहिजे.

११ फेब्रुवारी १७६७ रोजीं एक तान्हा मुलगा आश्रमांत घेण्यांत आला. त्याचा क्रमांक १६,५१६. आईनें ठेविलेलें त्याचें नांव चार्ल्स होतें. आश्रमानें त्याला दुसरें नांव दिलें. त्याच्या कागदाला जो तुकडा जोडला आहे तो कपड्यांतून कातरलेला नाहीं. ती जोडकामाची सुयांची घडी आहे, आम्ही वर जिचें वर्णन केलें तीच. छापील व विणलेल्या कापडाचे निरनिराळे लहान तुकडे शेजारीं शेजारीं जोडून ती शिवलेली आहे, आणि तिच्यावर दोऱ्यानें एक बदाम भरलेला आहे. ती घडी मधोमध कातरलेली आहे. बदामाचा अर्धा भाग कागदावर आहे. उरलेला अर्धा आईनें आपल्यापाशीं ठेविला.

सारा बेंडर असें त्या आईचें नांव. या घडीकडे शिवणाऱ्याच्या नजरेनें पाहिलें म्हणजे तिनें काय केलें हें अधिक नीट समजतें. ज्या गरीब स्त्रीजवळ चार वस्तु असावयाच्या त्यांत सुयांची घडी ही तिच्या पोटाची वस्तु असते. तींतल्या सुईवर ती दोन पैसे मिळविते. जोडकाम केलेली घडी मधून कातरली म्हणजे टांके सुटूं लागतात, खिसे उघडे पडतात, ती पुन्हा कामाची राहात नाहीं. सांकेतिक खूण म्हणून फितीचा तुकडा चालला असता. इतर शेंकडों आयांनीं फीतच दिली आहे. तिनें मात्र आपल्या हातांतलें साधनच तोडलें. जुन्या कपड्यांचे अवशेष एकत्र करून एक वस्तु केली होती, ती पुन्हा दुभंग केली, आणि दोन्ही भाग एकमेकांस लावून पाहिल्यावांचून खूण पुरी होऊं नये अशी व्यवस्था केली. करारपत्राचा कागद वेडावांकडा फाडून दोन्ही पक्षांनीं एकेक भाग ठेवावा, ही युरोपांतली फार जुनी रीत आहे. वकिलाकडे जाण्याची ऐपत नसलेल्या बाईनें तीच रीत कात्रीनें पार पाडली.

या खुणेचा उपयोग होण्याचा संभव किती होता? १७४१ ते १७६० या अवधींत आश्रमांत एकंदर १६,२८२ मुलें घेतलीं गेलीं. त्यांपैकीं दोनतृतीयांशांहून अधिक मेलीं. आयांनीं अथवा नातलगांनीं परत नेलेलीं मुलें १५२. शेंकडा एकहि नव्हे. सारा बेंडरचें मूल या मोजणीच्या नंतरचें असलें तरी तिच्या वेळींहि परिस्थिति फार पालटली होती असें नाहीं. पण १० जून १७७५ रोजीं ती आश्रमांत आली, आणि आठ वर्षांचा आपला मुलगा घेऊन गेली. तो जिवंत होता. त्या आठ वर्षांत तिनें काय सोसलें, पैसा कोठून जमविला, मुलानें तिला ओळखलें तरी कसें, याविषयीं दफ्तर मुकें आहे, आणि आम्हीहि तेथें कल्पनेचे टांके घालीत बसणार नाहीं. घडीचा अर्धा भाग मात्र तेव्हां कागदावर होता तसाच आजहि आहे.

याच्या नंतर पंचवीस वर्षांनीं शिवली गेलेली दुसरी एक घडी प्रसिद्ध आहे, आणि तिची कथा अगदीं निराळ्या घरांतली आहे. जानेवारी १७९२ मध्यें मेरी लॉइड नांवाची मुलगी आपल्या कुटुंबाबरोबर डीन गांव सोडून दुसरीकडे राहावयास चालली होती. तिच्या शेजारच्या सोळा वर्षांच्या मैत्रिणीनें तिला एक चिमुकली पिशवी करून दिली. पिशवींत गुंडाळलेली लहानशी हाउसवाइफ, हाउसवाइफमध्यें बारीक सुया व तलम दोरा, आणि तिच्या इवल्याशा खिशांत एक कागदाची चिठ्ठी. चिठ्ठीवर आठ ओळींची कविता होती. तिचा आशय असा कीं, ही पिशवी फुकट जाऊं नये, सुई लागली तर उपयोगी पडावी, आणि पाहिली म्हणजे मैत्रिणीची आठवण व्हावी. ती मैत्रीण म्हणजे पुढें कादंबरीकार म्हणून जगभर गाजलेली जेन ऑस्टेन. मेरीचें पुढें जेनच्याच भावाशीं लग्न झालें, व त्यांच्या मुलानें १८७० सालीं छापलेल्या आपल्या आत्याच्या चरित्रांत या घडीचें वर्णन केलें आहे. तो म्हणतो कीं ती कधींच वापरली गेली नाहीं, म्हणून शिवली त्या दिवसाइतकीच टवटवीत आहे. म्हणजे कवितेंतली पहिली इच्छा विफल झाली आणि शेवटची तेवढी सफळ झाली! वस्तूंच्या इतिहासाची ही नेहमींचीच अडचण आहे. जी घडी रोज उघडली जाई ती झिजून गेली. जी पेटींत पडून राहिली ती संग्रहालयांत पोंचली. संग्रहालयांतील घड्या पाहून त्या काळच्या बायका केवढ्या नीटनेटक्या होत्या असें अनुमान काढणारानें हें विसरूं नये.

बायकांची ही वस्तु पुरुषांच्या हातांत गेली ती सैन्यांतून. शिपाई आणि खलाशी यांना घरापासून दूर स्वतःची गुंडी स्वतःलाच लावावी लागते. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या वेळीं, १८६१ ते १८६५ पर्यंत, आया, बहिणी व बायका यांनीं आपल्या झग्यांच्या उरलेल्या तुकड्यांच्या हाउसवाइफ शिवून शिपायांना दिल्या. निळ्या किंवा करड्या गणवेषाच्या खिशांत घरच्या फुलाफुलांच्या कापडाची गुंडाळी असे. ब्रिटिश सैन्यांत पुढें ती सरकारी सामानाच्या यादींतच गेली, आणि पहिल्या महायुद्धांतल्या शिपायाच्या पिशवींत वस्तरा आणि चमचा यांच्या जोडीला सुया, दोरा, गुंड्या व मोजे रफू करण्याची लोंकर असलेली साध्या कापडाची हझिफ असे. सरकारनें शिवविली तेव्हां तींतले निरनिराळे तुकडे गेले. सोय राहिली, कोणाचा झगा होता हें सांगावयाचें राहिलें नाहीं. या सरकारी घडींत आम्हांस फारसा रस वाटत नाहीं.

दुसऱ्या महायुद्धांत मात्र चिंधीला पुन्हा दिवस आले. १ जून १९४१ पासून ब्रिटनमध्यें कपड्यांचें नियंत्रण सुरू झालें; पहिल्या वर्षीं माणशीं ६६ कुपनें, आणि तीं संपलीं म्हणजे पैसा असूनहि कापड मिळत नसे. 'आहे त्यांत भागवा आणि डागडुजी करा' अशा अर्थाच्या नांवाची पुस्तिका १९४३ सालीं सरकारनें काढली व जुन्याचें नवें कसें करावें याचे धडे गांवोगांव दिले जाऊं लागले. आजीला जें सहज येत होतें तें नातीला पुस्तकांतून शिकावें लागलें. हें नियंत्रण १९४९ च्या मार्चमध्यें उठलें, आणि त्यानंतरच्या सुबत्तेंत जुन्या कापडाची कला घरांतून जवळजवळ निघूनच गेली.

आज ती परत येत आहे, पण उलट्या कारणानें. पूर्वीं कापड थोडें म्हणून तुकडा जपीत. आतां कापड उदंड झालें, तें टाकावें कोठें हा प्रश्न पडला, म्हणून तुकडा जपतात. जुन्या चादरी, रुमाल, लुगडीं यांतून सुयांच्या घड्या, चष्म्याचीं घरें, नाण्यांच्या पिशव्या शिवणारे हौशी लोक सर्व देशांत आहेत. आमच्याकडेहि जुन्या पैठणीच्या कांठांचे बटवे विकावयास येतात, व ते हातोहात खपतात. यांत निंद्य असें कांहीं नाहीं. जरीच्या लुगड्याची आमच्या घरांतून आजपर्यंत काय गत झाली हें आठवावें: बोहारणीला देऊन त्याचीं भांडीं घेतलीं, किंवा जर जाळून आंतली चांदी काढली. त्यापेक्षां बटवा शतपटीनें बरा.

तथापि कात्री लावण्यापूर्वीं हातांत काय आहे तें पाहावें, एवढें आमचें म्हणणें आहे. फाटलेलें, कसरीनें खाल्लेलें, ज्याचें मूळ कोणालाच सांगतां येत नाहीं असें कापड खुशाल कापावें. धड असलेली जुनी गोधडी, आंत कागद राहिलेलें जोडकाम, शिवण्याची कांहीं अपूर्व तऱ्हा असलेली चोळी, हीं मात्र चार पिशव्यांसाठीं तोडूं नयेत. लेव्हन्स हॉलच्या चादरीच्या पिशव्या कोणीं केल्या असत्या तर त्या सुबक झाल्या असत्या, पण १७०० च्या कायद्यानंतर लोकांनीं चिटाचा तुकडा कसा वापरला हें पाहण्याचें एक साधन नाहींसें झालें असतें. शिवाय जुनें रेशीम दिसतें तितकें बळकट नसतें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेशमाला वजन यावें म्हणून त्यांत कथलाचे क्षार भरीत. असलें कापड घडीवर आपोआप चिरत जातें आणि सुई लावली कीं भुगा होतो.

चंचीची स्थिति याहून वाईट आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत अडकित्त्यांचा जो संग्रह आहे तो पाहून कोणीहि थक्क होईल. घोडे, मोर, स्त्रीपुरुष अशा आकारांत ते घडविलेले आहेत. अडकित्ता धातूचा, म्हणून तो राहिला. ज्या चंचींत सुपारी, कात आणि तंबाखू राहात असे ती चुन्यानें खाल्लेली, काताच्या डागांनीं काळवंडलेली, तंबाखूच्या वासाची. म्हातारी गेली कीं तिच्या अंथरुणाबरोबर तीहि घराबाहेर पडे. तिच्या बाहेरच्या पट्टीला एखाद्या खणाचा तुकडा, आंत लुगड्याचा पदर, बंदाला शिंप्याकडची कातरण, असा तीन पिढ्यांच्या कपड्यांचा मेळ असे, व तो कोणी टिपून ठेविला नाहीं. कोणाच्या घरीं अशी एखादी अजून फडताळांत असेल तर तिनें किंवा त्यानें ती धुवूं नये, इस्त्री करूं नये. बाहेरची पट्टी कोणत्या चोळीची आणि आंतला पदर कोणाच्या लुगड्याचा हें सांगणारें माणूस घरांत असेपर्यंत त्याला विचारून घ्यावें, एका चिठ्ठीवर शाईनें लिहावें, आणि ती चिठ्ठी चंचीच्याच आंतल्या कप्प्यांत ठेवून द्यावी. मेरी लॉइडच्या घरीं ती तशीच राहिली होती.